‘गच्छामि’तला ऱ्हस्व इकार

अध्यक्ष महोदय, धम्मबंधू आणि भगिनींनो, जय भीम.

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘हौशी बुद्धवंदना गटासाठी तीन महिन्यांचा सरावक्रम’ असा छापला आहे आणि तो मी सांगणार आहेच. परंतु त्याआधी एका मात्रेविषयी बोलण्याची मला परवानगी द्यावी, कारण गेली सात वर्षे ही एक मात्रा माझ्या डोक्यात बसली आहे आणि घरच्यांनी ती ऐकून घेण्याचे केव्हाच सोडून दिले आहे.

त्रिशरणात, म्हणजे ‘बुद्धं सरणं गच्छामि’ने सुरू होणाऱ्या पाली वंदनेत, ‘गच्छामि’ नऊ वेळा येते आणि पंचशीलात ‘समादियामि’ पाच वेळा. हे चौदाही ‘मि’ ऱ्हस्व आहेत. आपण मात्र ते चौदाही दीर्घ म्हणतो. यात आपला दोष अर्धाच आहे, कारण मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहावा, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. ‘कवि’चा ‘कवी’ करणाऱ्या जिभेने ‘गच्छामि’चा ‘गच्छामी’ केला तर तिला काय बोलणार? गंमत अशी की, पंचशीलाच्या प्रत्येक ओळीत ‘वेरमणी’तला ‘णी’ खरोखरच दीर्घ आहे आणि नेमका तोच आपण घाईत आखडता घेतो. ज्याचे देणे आहे त्याला न देता ज्याचे नाही त्याच्या हातावर ठेवायचे, असा हा व्यवहार आहे.

आता तुम्ही म्हणाल, श्रद्धेने म्हटले म्हणजे झाले, मात्रा कशाला मोजायच्या? माझा मुद्दा व्याकरणाचा नाही, गळ्याचा आहे. ज्याला आपला षड्ज, म्हणजे ‘सा’, सापडलेला नसतो, तो ओळीचा शेवटचा स्वर लांबवतो. बाकीचे कुठे उभे आहेत ते चाचपडत तो त्या ‘मीऽऽ’वर रेंगाळतो आणि सापडल्यासारखे वाटले की सोडतो. ऱ्हस्व ‘मि’ ठेवणे त्यालाच जमते, ज्याला सूर आधीच ठाऊक आहे आणि ज्याच्याजवळ ओळ संपताना थोडा श्वास शिल्लक आहे. म्हणून कुठलाही गट ऐकताना मी त्याची सुरुवात ऐकत नाही, शेवट ऐकतो.

हे मला कुणा बुवांनी शिकवले नाही, एका कीबोर्डाने शिकवले, आणि ती हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आमच्या गटात तेव्हा चौदा माणसे होती. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे तिघे, एक परिचारिका, दोन शिक्षिका, कॉलेजची मुले आणि कदंबच्या सरकारी बसवर कंडक्टर असलेले आमचे एक काका, ज्यांचा आवाज म्हापसा स्टँडवर ‘पणजी, पणजी’ करून असा तयार झाला होता की त्यांना माईक देणे म्हणजे समुद्राला पाणी घालणे. तालीम रविवारी संध्याकाळी, पत्र्याच्या छपराच्या एका हॉलमध्ये. ज्यांनी आषाढातला गोव्याचा पाऊस पत्र्याखाली ऐकला आहे त्यांना सांगायला नको की, वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खू पावसात एका जागी राहतात त्या, तीन महिन्यांत शेजारच्याचा सूर ऐकू येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ढोलकीचे कातडे दमट हवेत उतरते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. एका मुलाने घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडे लावलेले गोव्याचे वाद्य, आणून पाहिले. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे असे, आता बंदी असल्यामुळे बकऱ्याचे असते, पण पावसापुढे दोघांचीही मान खालीच. त्यामुळे पेटीला रजा देऊन आम्ही कीबोर्डावर आलो.

आमची पट्टी, म्हणजे पेटीच्या ज्या स्वरावर ‘सा’ धरायचा तो, काळी एक. का, तर काकांना ती बरी पडे. यामागेही इतिहास आहे. आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंतची आपली गाणी उघड्या मैदानावर, शेवटच्या माणसापर्यंत पोचावीत अशा खड्या आवाजात म्हटली गेली, आणि पुरुषाने छातीतून चढा आवाज काढणे म्हणजेच गाणे, हा समज आपल्या गायनपार्ट्यांत मुरला. त्या समजाचा मी अपमान करत नाही. त्या आवाजाने माणसे उभी केली आहेत. परंतु काळी एकमध्ये आमच्या बायका वर गेल्या तर किंचाळत आणि खाली आल्या तर पुटपुटत, आणि आम्ही त्याला ‘लेडीजचा आवाज बारीकच असतो’ असे म्हणून मोकळे होत असू.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला आमचा कार्यक्रम होता. कीबोर्ड आदल्या रात्री कुणाच्या तरी लग्नात वाजून आला होता आणि त्याचे ट्रान्सपोजचे बटण चार घरे वर दाबलेले राहिले होते, हे कुणाच्या लक्षात आले नाही. वाजवणाऱ्या मुलाने नेहमीप्रमाणे काळी एक दाबली, आणि यंत्रातून आली पांढरी चार. स्वागतगीताचे धृपद कसेबसे पार पडले. अंतरा तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत, जातो. तिथे काकांचा आवाज प्रथम चिरकला, मग फाटला, आणि मग ते चेहऱ्यावरचे हसू न ढळू देता नुसतेच ओठ हलवू लागले. कॉलेजची मुले एकेक करून खालच्या सप्तकात उतरली, म्हणजे पायऱ्यांवरून उतरावीत तशी. ढोलकीवाला मात्र निर्धास्त होता. त्याला पट्टीशी काही देणेघेणे नव्हते. आणि त्या सगळ्या पडझडीतून आमच्या पाच बायकांचा आवाज वर आला, भरलेला, मोकळा, शब्द न् शब्द कळणारा. सात वर्षांत मी तो आवाज ऐकलाच नव्हता. परिचारिका ताई नंतर म्हणाल्या, ‘सर, आज कीबोर्डाला काय झालं होतं? रोज असंच करा की.’

मग वंदना सुरू झाली, कीबोर्ड तसाच. पुरुष हबकलेले होते. दर ‘गच्छामि’ला त्यांचा ‘मी’ लांबत चालला, पाच जण पाच ठिकाणी चाचपडत, आणि बायकांचा ‘मि’ मात्र सुईने टोचल्यासारखा जिथल्या तिथे थांबत होता. त्या संध्याकाळी मला माझे सूत्र मिळाले.

ते मिळाल्यावर मी ग्रंथांत शोधू लागलो आणि थोडा चपापलो. साखवाळीला 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी पालीसाठी थेट श्रीलंकेत सुमंगलाचार्यांपाशी गेले. त्यांच्याच गोव्यात राहून आपण चार सुत्ते, म्हणजे बुद्धांची प्रवचने, मुळातून वाचू नयेत, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. अंगुत्तर निकाय या सुत्तसंग्रहाच्या पंचक निपातात लांबवलेल्या गीतस्वरात, ‘आयतकेन गीतस्सरेन’, धम्म म्हणण्याचे पाच दोष सांगितले आहेत. म्हणणारा स्वतःच्या आवाजात गुंततो, ऐकणारे गुंततात, गृहस्थ नावे ठेवतात की हे श्रमण आमच्यासारखेच गातात, स्वराच्या नादाने समाधी भंगते आणि पुढची पिढी तेच उचलते. हे भिक्खूंना उद्देशून आहे आणि आपण गृहस्थच असल्यामुळे तिसऱ्या दोषातून आपली सुटका आहे, असे आमचे काका म्हणतात. परंतु तो ‘आयतक’ शब्द पाहा. आक्षेप लांबवण्यावर आहे. भिक्खूंच्या नियमांच्या चुल्लवग्ग ग्रंथात याच संदर्भात ‘सरभञ्ञ’ म्हणजे स्वरयुक्त पठण करण्याची अनुज्ञाही दिलेली आहे. अवंतीचा सोण कुटिकण्ण जेतवनात पहाटे अट्ठकवग्गाची सोळाही सुत्ते स्वरात म्हणतो, तेव्हा भगवान त्याच्या वाणीची प्रशंसा करतात ती स्पष्ट, अडखळ नसलेली, अर्थ पोचवणारी म्हणून. (वीणेच्या तारा फार ताणू नकोस, फार सैल सोडू नकोस, हे ज्याला सांगितले तो दुसरा सोण, कोळिविस; या दोघांची गल्लत व्याख्यानांत नेहमी होते, माझ्याही झालेली आहे.)

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. हॉल साडेसातला रिकामा करून द्यायचा आहे आणि माझ्याजवळ सहा मिनिटे उरली आहेत, तेव्हा सरावक्रम धावत सांगतो.

पहिल्या महिन्यात वाद्य नाही आणि माईक तर मुळीच नाही. प्रत्येकाने बोलतो त्या आवाजात ‘नमो तस्स’ म्हणावे आणि तो स्वर तंबोऱ्याच्या ॲपवर शोधून वहीत लिहून ठेवावा. बहुतेक पुरुषांना आपण बोलतो त्याच्या किती वर गात होतो याचा धक्का बसेल. श्वास पोटातून, खांदे न उचलता. ‘सम्मासम्बुद्धस्स’पर्यंतची ओळ एका श्वासात संपवून थोडी हवा शिल्लक राहिली पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात उच्चार. जोडाक्षरावर दाब द्यावा, ‘तस्स’चा ‘तस’ होऊ देऊ नये. ‘चरथ भिक्खवे’मधला ‘च’ चहातला आहे, ‘गाय चरते’मधला नाही; नाहीतर भगवान भिक्खूंना चारिकेला, म्हणजे धम्मप्रसाराच्या भ्रमंतीला, धाडत आहेत की कुरणावर, असा प्रश्न पडतो.

तिसऱ्या महिन्यात एकत्र म्हणणे. वंदनेला चारपाच स्वरच लागतात, त्यामुळे बायका मध्य सप्तकात आणि पुरुष त्याखालच्या सप्तकात, अशी एकच पट्टी चालते. आम्ही पांढरी सहा धरली आहे. गाण्यांना मात्र हे लागू पडत नाही, तिथे पुरुषांची आणि बायकांची गाणी वेगळ्या पट्टीत ठेवावीत किंवा अंतरे वाटून घ्यावेत, आणि त्यावर रुसवेफुगवे होतील ते होऊ द्यावेत. गाणे सुरू होण्यापूर्वी कीबोर्डाचे ट्रान्सपोजचे बटण दोघांनी तपासावे.

शंकासमाधानाला वेळ नाही. त्याऐवजी आपण सगळे उभे राहून त्रिशरण एकदा म्हणू या, माईक बंद करून, आणि ‘मि’ला थांबू या.

बरे झाले; पण मागच्या रांगेत अजून कुणीतरी ‘मी’ लांबवतो आहे, आणि आवाजावरून तो म्हापसा स्टँडचा वाटतो. काका, तुम्ही तरी! पुन्हा एकदा, दुतियम्पि.