मिसळ सकाळची, दूध दिवेलागणीचं

नमस्कार श्रोतेहो. आमचं मूळगाव कोल्हापूर. मे महिन्यात सगळी भावंडं पोराबाळांसकट तिथं जमतो. घरी आत्याचा स्वयंपाक तयार असताना आम्ही बाहेर खातो, त्यामुळे तिचा रुसवाही दरवर्षीचा.

एक गोष्ट आधीच सांगते. कोल्हापुरात बाहेरच्या खाण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. मिसळ सकाळी, भेळ संध्याकाळी, दूध दिवेलागणीला. पुन्हा सांगते, मिसळ सकाळी! दुपारी बाराला उठून मिसळ शोधणाऱ्याला तळाशी राहिलेला कट मिळतो, आणि वर तो गावाला नावं ठेवतो. इथं मिसळीबरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड येतो. तो कटात बुडवायचा आणि गळायच्या आत तोंडात घालायचा. आणि हो, इतर शहरांतल्या पाट्यांवर ‘कोल्हापुरी’ म्हणून जे लालभडक विकतात, त्यात नुसतं तिखट असतं. कांदा-लसूण मसाल्याचा वास त्याला कुठून येणार? असो.

आता दुधाचं. गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि ग्लास हातात देतो. ग्लास कोमट लागतो, वर बोटभर फेस. आसपास तालमी, पैलवानांना दूध लागायचंच, त्यांच्या जोडीनं गावालाही सवय लागली.

यंदा आत्याही आली, बरोबर ठाण्याची भाची. ही पोरगी चॉकलेटची पावडर घातल्याशिवाय दुधाला शिवत नाही. ग्लास तिच्या हातात दिला, आणि आत्याचं लक्ष गेलं फेसाकडे.

“काय रे, फेस विकतोस व्हय? बसू दे तो खाली, मग वरनं घाल अजून.”

गवळी म्हणाला, “मावशी, फेसातच ताकद असत्या.”

“ताकद? मग दूध तू पी, फेसाचे पैसे मी देते!”

बाजूला एक पैलवान उभा होता, कान मोडलेला, हातात भलामोठा लोटा. गवळ्यानं त्याला साक्षीला ओढलं. “पैलवान, सांगा मावशीस्नी.” पैलवान बिचारा लाजला. म्हणाला, “आमच्या वस्तादांनी फेसाचं काय सांगितलं न्हाई. लोटा रिकामा करायचा, एवढंच सांगितलंय.”

आत्याला जोरच चढला. “बघ! पैलवानसुद्धा फेसाचं नाव घेत नाही.” आजूबाजूचे दोन बाजूंनी वाटले गेले. म्हैस मात्र शांतपणे पेंड खात होती. शेवटी गवळी हरला, चरवी उचलली. “आणा मावशी ग्लास, घालतो वरनं.”

आत्यानं भाचीकडे हात केला. ग्लास रिकामा! भांडण रंगलं होतं तेवढ्यात पोरीनं दूध संपवलेलं, ओठावर पांढरी मिशी. गवळी म्हणतो, “आता कशाच्या वरनं घालू?”

आत्या एवढी हसली की दुसरा ग्लास तिनंच मागितला. फेसासकट.

वेळ संपत आली आणि भेळ राहिलीच. खासबाग मैदानाजवळ गाड्या लागतात. हे मैदान शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलं, १९१२ साली ते सुरू झालं. जमलं तर मुलांना आत नेऊन दाखवा. मोबाइलवर कुस्ती बघणाऱ्यांना खरा हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, माहीत हवा.

भेळ मात्र बांधून घेऊ नका. चिंचेचं पाणी पडलं की चिरमुरे लगेच मऊ पडतात, घरी पोचेपर्यंत लगदा होतो. गाडीपाशी उभ्यानं खा, कैरी जास्त घालायला सांगा. नमस्कार.