कोसॅकची शेंडी

इसवी सन 971. डॅन्यूब नदीचा काठ. बायझंटाइन सम्राट सोन्याने मढवलेल्या चिलखतात घोड्यावर बसून वाट बघतोय. नदीतून एक होडी येते. वल्ही मारणाऱ्यांतच एक जण कीव्हचा राजा आहे, स्व्यातोस्लाव. कपडे इतरांसारखेच पांढरे, फक्त जास्त स्वच्छ. दाढी नाही, मिशा झुबकेदार. एका कानात सोन्याची बाळी, तिच्यात दोन मोती आणि एक लाल खडा. आपली भिकबाळीच जणू! डोकं तासलेलं, एका बाजूला केसांची तेवढी एक बट. हे वर्णन लिओ द डिकन या ग्रीक इतिहासकाराचं. त्या बटेचा अर्थही तो सांगतो: उच्च कुळाची खूण.

पुढे सहाएकशे वर्षांनी अशीच शेंडी युक्रेनमधल्या नीपर नदीच्या खळाळत्या प्रवाहांच्या पुढे, खालच्या अंगाला राहणाऱ्या झापोरोझियन कोसॅकांच्या, म्हणजे तिथल्या स्वतंत्र लढवय्यांच्या डोक्यावर दिसते. मधल्या काळाचा सलग पुरावा नाही, त्यामुळे थेट वारसा सांगताना जरा जपूनच. शिवाय डोकं तासून बट राखणं गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वार टोळ्यांतही होतंच.

कोसॅकांच्या शेंडीला म्हणतात ओसेलेदेत्स, म्हणजे हेरिंग मासा. बाकी डोकं चकोट. शेंडी लांब झाली की कानामागे गुंडाळायची. गावातला शेतकरी मात्र डोक्यावर मातीचं भांडं उपडं ठेवल्यासारखे गोल केस कापायचा. म्हणजे टोपी काढली की कळायचं, हा नांगरामागचा की तलवारीचा.

चित्रकार इल्या रेपिनचं चित्र बघा. 1880 ते 1891, अकरा वर्षं तो त्यावर खपला. तुर्की सुलतानाला शिव्यांनी भरलेलं पत्र लिहिताना कोसॅक खदाखदा हसतायत. तासलेली डोकी, शेंड्या, मिशा. एकालाही सुलतानाची पर्वा दिसत नाही.

प्रत्यक्षात 1775 मध्येच रशियाची सम्राज्ञी कॅथरीननं त्यांचा तळ, झापोरोझियन सिच, मोडून काढला होता. शेंडीवरूनच रशियनांनी 'खोखोल' हा शब्द काढला आणि तो सगळ्या युक्रेनियनांना हिणवायला वापरला.

आता तीच शेंडी युक्रेनचे अनेक सैनिक हौसेनं ठेवतात. आणि हेवीवेट बॉक्सर ओलेक्सांद्र उसिक? तोही ती मिरवत रिंगमध्ये उतरलाय. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकल्यावर तर त्यानं तिथेच, रिंगमध्ये, कोसॅकांचा होपाक नाच केला.