बरे करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

उपस्थित पालक, शिक्षक आणि स्वमग्न मित्रमैत्रिणींनो,

माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, आणि तो बोलत नाही. तो अडीच वर्षांचा असताना ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे आम्हाला सांगणारी जी वडीलधारी माणसे होती, तीच तो ५ वर्षांचा झाल्यावर ‘यावर काहीतरी औषध असेलच की’ असे म्हणू लागली. त्यांच्या मायेबद्दल मला कधीच शंका नव्हती. परंतु ‘हा कधी बरा होणार?’ हा प्रश्न मी इतकी वर्षे ऐकला आणि स्वतःलाही विचारला की, त्यातल्या ‘बरा’ या शब्दाकडे नीट पाहायचे राहूनच गेले. आज मी त्या एका शब्दाविषयी बोलणार आहे.

स्वमग्नता बरी होते का, या प्रश्नाचे उत्तर आजच्या घडीला थोडक्यात देता येते. तिचे मूळ स्वरूप बदलणारे औषध नाही. अमेरिकेत २००६ साली रिस्पेरिडोन या औषधाला स्वमग्न मुलांसाठी मान्यता मिळाली, ती तीव्र चिडचिड आणि आक्रमकता कमी करण्यापुरती. मात्र ‘बरी करावी का’ हा प्रश्न निराळा आहे आणि तो विज्ञानाच्या प्रगतीची वाट पाहत थांबत नाही. कारण आपण मुलाशी रोज कसे वागतो, हे त्याच्या उत्तरावर ठरत असते.

लिओ कॅनर यांनी बाल्टिमोर येथे १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून या अवस्थेची आधुनिक चर्चा सुरू झाली. त्यानंतरची दोन दशके दोषाचे खापर बहुतांशी आईवर फुटत राहिले. आई थंड असते, म्हणून मूल स्वतःत मिटून जाते, असे जाणकार म्हणवणारे लोक छातीठोकपणे सांगत होते. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, १९६४ साली या मताचे साधार खंडन केले. आपल्यासारख्या आयांवर त्याचे हे मोठे उपकार आहेत. पण आईवरचा आळ दूर झाला तरी मुलाला दुरुस्त करण्याची घाई काही गेली नाही.

१९८७ साली कॅलिफोर्नियातील ओ. इव्हार लोवास यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास वर्तनाचे प्रशिक्षण दिले होते आणि त्यांपैकी ९ मुलांचा बुद्ध्यांक सर्वसाधारण पातळीवर येऊन ती नेहमीच्या शाळेत पहिलीत गेली, असे मांडले होते. त्या प्रशिक्षणात मोठ्याने ‘नाही’ म्हणून दरडावणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. या अभ्यासाने जगभरच्या पालकांना आशा दिली, हे मला मान्य आहे. मात्र मूल इतरांसारखे दिसू लागणे हीच यशाची खूण आहे, असा समज त्यातून पक्का झाला.

तो समज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला होता. मुलगा ६ वर्षांचा असताना मला घरी करून घेण्यासाठी एक पाठ दिला गेला होता. त्याची हनुवटी हलकेच धरायची, ‘माझ्याकडे बघ’ म्हणायचे, तीन आकडे मोजेपर्यंत नजर टिकली की चॉकलेटची एक गोळी द्यायची, आणि असे रोज ५० वेळा करायचे. त्याने बघितले. बघताना त्याच्या डोळ्यांना धार लागे आणि त्याच्या डाव्या हाताची मूठ इतकी घट्ट आवळली जाई की, तळव्यावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटत. मी वहीत ‘प्रगती आहे’ असे लिहून ठेवले. ती वही अजून माझ्याकडे आहे. तो माझ्याकडे न पाहताच माझे अधिक नीट ऐकतो, हे समजायला मला पुढची पाच वर्षे लागली.

१९९३ साली टोरांटो येथील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत जिम सिंक्लेअर या स्वमग्न व्यक्तीने पालकांसमोर जे मांडले, त्याची मला त्या काळात फार गरज होती. सिंक्लेअर यांच्या म्हणण्याचा आशय असा की, स्वमग्नता हे काही वरचे कवच नव्हे आणि ते फोडल्यावर आत दडलेले ‘नॉर्मल’ मूल बाहेर येईल, असे होत नाही. ती माणसाच्या प्रत्येक अनुभवात, विचारात आणि संवेदनेत मुरलेली असते. म्हणून ‘माझ्या मुलाला स्वमग्नता नसती तर’ असे आईवडील म्हणतात, तेव्हा मुलाच्या कानांवर ‘तू नसतास आणि तुझ्या जागी दुसरेच मूल असते तर’ असे पडते. सिंक्लेअर यांनी पालकांचे दुःख खोटे ठरवले नाही. जे मूल येणार म्हणून मनात धरले होते ते आले नाही, याचे दुःख करावे, पण ते समोर उभ्या असलेल्या मुलाच्या अंगावर टाकू नये, एवढेच मागणे होते. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला राग आला होता. हे लिहिणाऱ्याला बोलता येते, लिहिता येते, परिषदेला जाता येते. माझ्या मुलाबद्दल याला काय ठाऊक, असे मला वाटले.

हा आक्षेप आजही अनेक पालक घेतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या मुलाला फिट येते, तो रात्र रात्र जागतो, भिंतीवर डोके आपटतो, पोटात दुखते हे सांगू शकत नाही म्हणून स्वतःलाच चावतो. असे असताना ‘स्वमग्नता म्हणजे केवळ वेगळेपण’ हे वाक्य त्या घरातल्या माणसांना जिव्हारी लागते. मी त्या घरात राहिले आहे. म्हणूनच मला असे वाटते की, ‘बरे करणे’ या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबल्या आहेत. अपस्मार, निद्रानाश, बद्धकोष्ठता, दातदुखी यांवर उपचार व्हायलाच हवेत, आणि ‘हे ऑटिझममुळेच’ म्हणून एखाद्या डॉक्टरने त्यांकडे दुर्लक्ष केले, तर तो मुलावर अन्याय आहे. त्याला स्वतःचे म्हणणे मांडता यावे, मग ते शब्दांनी असो, चित्रांच्या पाट्यांनी असो किंवा टॅबवर बोट ठेवून असो, हे शिकवणेही आपले कर्तव्यच आहे. पण हात फडफडवणे थांबवणे, एकट्याने बसण्यातला त्याचा आनंद मोडून काढणे, त्याला दुसऱ्या कुणासारखा करणे, हे तिसरे काम ना उपचार आहे ना शिक्षण. मी केलेले डोळ्यांत बघण्याचे पाठ या तिसऱ्या प्रकारातले होते.

या गोंधळाचा बाजार होतो, हेही सांगितले पाहिजे. मुलगा १० वर्षांचा असताना एका दवाखान्यात आम्हाला मूलपेशींच्या (स्टेम सेल) उपचाराचा खर्च लाखांच्या घरात सांगितला होता. खात्री कितपत, असे मी विचारल्यावर ‘आई म्हणून तुम्हाला प्रयत्न करावासा वाटत नाही का?’ असा प्रतिप्रश्न आला. त्या एका वाक्याने आम्ही दागिने मोडायच्या बेतात होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्वमग्नतेसाठी मूलपेशींचा वापर रीतसर मान्यता घेतलेल्या वैद्यकीय चाचणीबाहेर करता येत नाही. त्याच सुमारास, म्हणजे २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने, स्वमग्नतेला २१ दिव्यांगत्वांत स्थान मिळाले होते. हा कायदा हक्कांची आणि सोयींची भाषा बोलतो; मूल बरे झाले तरच त्याला हक्क मिळतील, अशी अट त्यात नाही.

आता दुसरी बाजू, जिच्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. स्वमग्न माणसांनी इतरांकडे कोणत्या नजरेने पाहावे? नव्वदच्या दशकात स्वमग्न प्रौढांनी आपसात बोलताना इतरांसाठी ‘न्यूरोटिपिकल’ हा शब्द वापरायला सुरुवात केली. काहींनी त्या ‘न्यूरोटिपिकल’ अवस्थेचे रोग म्हणून वर्णन करणारा उपहासात्मक मजकूरही लिहिला: सतत गप्पा मारण्याची गरज, एकटे राहण्याची भीती, सर्वांसारखेच असण्याचा ध्यास. ज्यांचे आयुष्यभर असेच वर्णन झाले होते, त्यांनी आपल्यापुढे धरलेला तो आरसा होता आणि त्यात पाहणे आपल्या हिताचे आहे.

आमच्या गटात येणारा एक स्वमग्न तरुण हिशेबनीस मला म्हणाला होता, “तुमची माणसं खोटं बोलतात. ‘या एकदा घरी’ म्हणतात. मी गेलो, तर दारातच विचारतात, ‘काय काम काढलंत?’” त्याच्या दृष्टीने ही सरळसरळ फसवणूक होती. पुढे तो असेही म्हणाला की, न्यूरोटिपिकल आयांनीच आमचे सर्वाधिक नुकसान केले. मला ते लागले. माझ्या त्या वहीमुळे त्यातला काही भाग मला मान्यही करावा लागला. तरीही मी त्याला सांगितले की, ‘या एकदा घरी’ हे आमंत्रण नसते, पण ते खोटेही नसते. तुझ्याविषयी मनात आपुलकी आहे, एवढे सांगण्याची ती आमची पद्धत आहे. आपली भाषा ज्याला कळत नाही त्याच्या मनात माणुसकीच नाही, हा निष्कर्ष आमच्या लोकांनी तुझ्याबद्दल काढला. तोच तू आमच्याबद्दल काढू नकोस. त्याने बराच वेळ विचार केला आणि विचारले, “मग खरं आमंत्रण कसं ओळखायचं?” मी म्हटले, “त्यात वार आणि वेळ असते.” त्याने ते लिहून घेतले.

डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने २०१२ साली हाच विचार सिद्धान्ताच्या रूपात मांडला. परस्परांना न समजण्याची अडचण एकट्या स्वमग्न माणसाच्या डोक्यात नसते, ती दोघांच्या मधल्या जागेत असते. एडिंबरा येथील संशोधकांनी पुढे कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्वमग्न माणसांच्या साखळीतून गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोहोचली आणि मिश्र साखळीत तिची अधिक गळती झाली. त्यांच्याच नंतरच्या मोठ्या अभ्यासात मात्र मिश्र साखळीही मागे पडली नाही. मला हा दुसरा निकाल अधिक मोलाचा वाटतो, कारण मधली जागा ओलांडता येते, असे तो सांगतो.

आमच्या शेजारच्या काकू ७४ वर्षांच्या आहेत. कुकरची शिट्टी माझ्या मुलाला सहन होत नाही, हे कळल्यापासून त्या कुकर लावण्याआधी आमच्या दारावर दोनदा टकटक करतात आणि तो मागच्या गॅलरीत जाऊन बसतो. हे मी त्यांना शिकवले नाही, त्या दोघांनी आपसात ठरवले. दर संकष्टीला त्या मला विचारत असत, “गणपतीला काय मागू गं त्याच्यासाठी?” आणि मी अनेक वर्षे म्हणत असे, “बरा होऊ दे.” मागच्या संकष्टीला मी म्हटले, “त्याला फिट येऊ नये, रात्री झोप लागावी, आणि माझ्यामागे त्याला ओळखणारी दोन माणसं असावीत.” काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, “आणि बोलायला लागू दे, हे मागू की नको?”

मी म्हटले, “मागा ना. त्याला बोलावंसं वाटत असेल, तर.”