ऐरणीवरचा मुलगा : विल्यम मार्शल

इंग्लंड, साल ११५२. न्यूबरीच्या किल्ल्याला राजा स्टीफनचा वेढा पडलाय. किल्ल्याचा धनी जॉन मार्शल मुदत मागून घेतो, बदल्यात धाकटा मुलगा ओलीस ठेवतो, आणि त्याच मुदतीत गुपचूप रसद भरून घेतो. पोराला फासावर चढवू, असा निरोप येतो. बापाचं उत्तर : "ऐरण माझ्याकडे आहे, हातोडाही आहे. याहून चांगली पोरं घडवीन."

पोर जेमतेम पाच-सहा वर्षांचं. राजाला काही त्याला मारवेना. पुढे छावणीच्या तंबूत दोघं रानातल्या काड्या घेऊन लढाई-लढाई खेळत बसले, आणि पोरानं राजाच्या काडीचं बोंड उडवलं.

तोच हा विल्यम मार्शल. चौथा मुलगा, म्हणजे वाट्याला जमीन नाही. घोडा आणि भाला, एवढ्यावर तो वर आला. ११८९ मध्ये चाळिशी उलटल्यावर त्याचं लग्न झालं, सतरा-अठरा वर्षांच्या इझाबेल द क्लेअरशी. आयर्लंडमधलं लेन्स्टर तिच्या माहेरचं. १२०७ मध्ये राजा जॉननं विल्यमला आयर्लंडहून इंग्लंडला बोलावून घेतलं, तेव्हा लेन्स्टरमधल्या किल्केनीत सरदारांपुढे इझाबेलचा हात धरून तो म्हणाला, ही तुमच्या मालकाची लेक, तुमच्या जमिनी हिच्या वडिलांनी दिलेल्या. ती गरोदर होती. तो गेल्यावर शत्रू चालून आले, तरी तिनं मुलूख सोडला नाही. या घराण्याचा अर्धा पराक्रम तिचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

सत्तरीत विल्यम नऊ वर्षांच्या राजा तिसऱ्या हेन्रीचा कारभारी झाला. १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत तो इतक्या घाईनं निघाला, की शिरस्त्राण घालायचंच विसरला.

पाच मुलगे, पाच मुली. मुलगे एकामागून एक अर्ल, म्हणजे बडे सरदार, झाले आणि एकामागून एक गेले. रिचर्ड लढाईतल्या जखमांनी, गिल्बर्ट घोड्यावरून पडून. शेवटचे दोघे, वॉल्टर आणि अन्सेल्म, १२४५ च्या अखेरीस महिन्याभराच्या अंतरानं. एकालाही औरस मूल नाही. जहागिरीचे पाच वाटे झाले, ते मुलींच्या घरी गेले. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा त्यातल्याच एकीचा पणतू.

हे पाहायला विल्यम नव्हता. मे १२१९ मध्ये थेम्सकाठी कॅव्हरशॅमला तो अंथरुणाला खिळला होता. एक दिवस म्हणाला, गावंसं वाटतंय. मुलींना बोलावलं. थोरली मॉड गायली. धाकटी जोन लाजत, दबक्या आवाजात गाऊ लागली. बाप म्हणाला, अशी लाजू नकोस. आणि कसं गायचं ते त्यानं स्वतः गाऊन दाखवलं.