आधी झाकण, मग हीटर

श्रोतेहो, नमस्कार.

पाचगणी, लोणावळा, मुळशी, कुठंही मुक्कामाला जा, हल्ली अंगणात एक भला मोठा टब दिसतो. चार-सहा माणसं गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलेली असतात, पाणी साधारण 38-39 अंश सेल्सिअस. यालाच हॉट टब म्हणतात. काही मंडळी बंगल्याच्या गच्चीवरही बसवून घ्यायला लागली आहेत. या टबाला वीज किती लागते, ती कमी कशी करायची, आणि उन्हाळ्यात तेच पाणी गार कसं ठेवायचं, हे आज सांगणार आहे.

हिशेब सोपा आहे, तोंडी करता येईल असा. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते. अशा 860 किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. आपली 20 लिटरची बादली, थंडीतलं 20 अंशाचं पाणी 40 वर न्यायचं, म्हणजे 20 गुणिले 20, 400 किलोकॅलरी. जवळजवळ अर्धं युनिट. आता टब घ्या, 900 लिटरचा. तोही 20 अंशांनी तापवायचा, म्हणजे 18,000 किलोकॅलरी, सुमारे 21 युनिटं. एक टब म्हणजे 45 बादल्या. पण खरी मेख या 21 युनिटांत नाही, ती पुढं आहे. त्यासाठी तुम्हाला माझ्या दादाच्या टबाची गोष्ट ऐकावी लागेल.

दादाची जमीन पाचगणीपाशी, भिलारजवळ आहे. भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव, 2017 च्या मे महिन्यात सुरू झालं. तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही जावं, ओसरीवर बसून वाचावं. मी दर वेळी निदान एक दुपार तिथं घालवते, आणि माझं ठाम मत आहे की प्रत्येक तालुक्यात असं एक गाव हवं. असो. दादानं स्ट्रॉबेरीच्या शेताकडेला चार खोल्या बांधल्या, पाहुणे यायला लागले. पाहुण्यांनी टब मागितला, म्हणून दादानं टब बसवला. 900 लिटरचा, 3 किलोवॅटच्या हीटरचा, दगडी अंगणात, उघड्यावर, समोर दरी. देखावा फारच सुंदर.

पहिल्या महिन्याचं वीजबिल आलं आणि वहिनी दोन दिवस बोलली नाही. दादाचा मला फोन. "अगं, तू आयुष्यभर फिजिक्स शिकवलंस ना? मग ये आणि बघ. मीटर नक्की खराब आहे." टब बसवून देणाऱ्यांना विचारलं होतं, तर त्यांचा सल्ला होता, मोठा हीटर घ्या. वायरमन म्हणाला, हीटर बंदच करू नका, पाणी तापलेलं राहिलं की वीज कमी जाते. म्हणून दादानं हीटर दिवसरात्र चालू ठेवलेला.

मी डिसेंबरात गेले. सोबत शाळेतला काचेचा तापमापक आणि एक वही. आता थोडं विषय सोडून बोलते. आपल्या किती मुलांनी तापमापक पाण्यात बुडवून स्वतः आकडा वाचला आहे? परीक्षेत त्याची आकृती काढतात, भाग दाखवतात, गुण मिळवतात. शाळेच्या कपाटात तापमापक कुलपात असतात, फुटतील म्हणून. फुटू द्यात दोन! मुलांच्या हाताला लागल्याशिवाय अंश म्हणजे काय ते कळत नाही. मी 31 वर्षं हेच सांगत आले.

तर, रात्री नऊ वाजता आम्ही हीटर बंद केला. पाणी 39 अंश. टबाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर, मी पेन्सिलीनं एक खूण केली. हवा 13 अंश, दरीतून वारा. दादा कुरकुरत झोपायला गेला, कारण सकाळी पाहुण्यांना टब हवा होता.

पहाटे पाचला मी उठून बाहेर आले. टबावरून वाफेचे लोट उठत होते आणि वारा ते दरीकडं ओढून नेत होता. फार देखणं दृश्य. मी शाल गुंडाळून बघत उभी राहिले. तेवढ्यात आक्का आल्या. आक्का म्हणजे दादाकडं स्वयंपाकाला येतात त्या, साठीच्या असतील. मागच्या पडवीत जुना तांब्याचा बंब आहे, पाहुण्यांसाठी तो पेटवायचं कामही त्यांचंच. हातात करवंट्यांची पाटी घेऊन त्या थबकल्या, टबाकडं पाहिलं आणि म्हणाल्या,

"बाई, एवढी वाफ जातीया, झाकान न्हाई व्हय ह्येला?"

मी म्हटलं, "नाही हो आक्का, झाकण नाही दिलेलं."

"मंग? भाताच्या भगुन्याला झाकान लागतंय, ह्येला नगं? झाकान न ठेवता भात टाकला तर सरपान दुप्पट जळतंय की."

एवढं बोलून त्या बंबाकडं गेल्या. मी तिथंच उभी. श्रोतेहो, बाष्पीभवन, सुप्त उष्मा, हे शब्द मी हजारो वेळा फळ्यावर लिहिले आहेत. पण आदल्या रात्री मी त्या टबाशी उभी राहिले, खूण केली, आकडा लिहिला, आणि झाकण हा शब्द माझ्या मनात आला नाही. आक्कांना तो अंगणात पाय टाकताच सुचला.

सात वाजता मी तापमापक बुडवला. 24 अंश! एका रात्रीत 15 अंश उतरले होते. पेन्सिलीची खूण पाण्याच्या वर अर्धा सेंटिमीटर आलेली. अर्धा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एवढ्या मोठ्या टबात ते 15 लिटर पाणी होतं, जे वाफ होऊन दरीत गेलं. आणि पाणी वाफ होताना एकटं जात नाही. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 575 किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातं, आणि ती उरलेल्या पाण्यातून घेतं. म्हणजे 57 लिटर पाणी 10 अंशांनी गार होईल एवढी. माठ गार होतो तो असाच. दादा पैसे मोजून माठाला ऊब देत होता.

15 अंश गुणिले 900 लिटर, साडेतेरा हजार किलोकॅलरी. जवळजवळ 16 युनिटं एका रात्रीत. मीटर बरोबरच होता.

त्याच दिवशी आम्ही वाईला गेलो. 50 मिलिमीटर जाडीच्या थर्माकोलच्या शीट आणल्या. गादीवाल्याकडून त्यांना ताडपत्रीची खोळ शिवून घेतली, दोन भागांत, म्हणजे उचलायला एक माणूस पुरे. खाली पाण्यावर तरंगणारं फुगेवालं प्लास्टिक, वस्तू पॅक करायला वापरतात तसं. वाऱ्याच्या बाजूला दादानं कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला, आपल्या आजीच्या घराला असायचा तसाच. वारा जितका जास्त तितकी वाफ जास्त, म्हणून कूड.

रात्री नऊला परत 39 अंश. हीटर बंद. झाकण घातलं. सकाळी सातला दादा माझ्याआधी टबाशी हजर. तापमापक त्याच्याच हातात दिला. 34 अंश. म्हणजे 15 ऐवजी फक्त 5 अंश उतरले. 10 अंश वाचले, 9,000 किलोकॅलरी, साडेदहा युनिटं, रोज रात्री. वहिनीनं आक्कांना त्या दिवशी पहिली स्ट्रॉबेरी दिली, ताटलीभर, मलई घालून.

तर मुद्दा लक्षात ठेवा. उष्णता पाण्याच्या उघड्या तोंडातून जाते. आधी झाकण, मग हीटर. पुन्हा सांगते, आधी झाकण, मग हीटर.

आता वायरमनच्या त्या सल्ल्याकडं येऊ, कारण तो घरोघरी ऐकू येतो, गीझरबद्दलसुद्धा. पाणी सतत तापलेलं ठेवलं तर वीज कमी लागते म्हणे. हे खरं नाही. पाणी आणि हवा यांच्या तापमानात जितकं अंतर जास्त, तितकी उष्णता वेगानं जाते. म्हणून पाणी जितका वेळ जास्त गरम, तितका तोटा जास्त. वापर नसेल तेव्हा उतरू द्या, वापराच्या आधी चढवा. टायमर लावला की झालं. दादाचा 3 किलोवॅटचा हीटर 34 वरून 39 वर पाणी पावणेदोन तासांत नेतो. मोठा हीटर घेतला असता तर त्यानं लवकर नेलं असतं, पण वीज तेवढीच लागली असती.

गीझरचंही तेच. त्याचा काटा 65 वर ठेवायचा आणि मग बादलीत विसण घालायचं, ही आपली सवय. विसण हा शब्दही हल्ली मुलांना कळत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. गरम पाण्यात बेताचं गार पाणी घालणं, याला एवढा नेमका शब्द आहे आपल्याकडं! घरात रोज वापरा तो. मात्र गीझर तासन्‌तास 65 वर ठेवलात तर त्याच्या भिंतीतून उष्णता झिरपत राहते. आंघोळी सलग उरका आणि बटण बंद करा.

आणि बंब? बंब मोडीत काढू नका. मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, म्हणजे जाळाला पाण्याला भिडल्यावाचून बाहेर पडायला वाट नाही. चुलीवरच्या हंड्याला बाहेरून जाळ लागतो आणि निम्मा इकडंतिकडं जातो. शेंगांची टरफलं, करवंट्या, वाळक्या काटक्यांवर पाणी तापवणारं हे तांब्याचं यंत्र लोक किलोच्या भावानं विकतात, ते पाहून माझा जीव तुटतो. फक्त धूर बाहेर जाईल अशा जागी ठेवा, बंद न्हाणीघरात कधीही पेटवू नका.

झाकण झालं की पुढच्या दोन गोष्टी. एक, छतावरचं सौर बंब, म्हणजे सोलर. स्वच्छ उन्हाच्या हिवाळी दिवशी 300 लिटरची टाकी 18 वरून 60 अंशांवर गेली, तर साडेचौदा युनिटांचं काम फुकट झालं. दादाचा रात्रीचा सगळा तोटा त्यात भागतो आणि वर उरतं. पण टबाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ते पाणी थेट सोलरच्या टाकीतून फिरवू नका, टाकी गंजते. मधे नळीचं वेटोळं घालून फक्त उष्णता घ्यायची. आणि पाचगणीच्या पावसात चार महिने सोलरची आशा नको. दुसरी गोष्ट, हीट पंप. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात टाकतो. एक युनिट वीज दिली की साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. महाग आहे, रोज वापर असेल तरच घ्या.

टब उघड्यावर असेल तर आरसीसीबी नावाचं सुरक्षा बटण आणि चांगलं अर्थिंग हवंच, यात काटकसर नको. पाणी 40 अंशांच्या वर नेऊ नका. गरोदर बायका आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

आता उन्हाळा. मे महिन्यात पाहुण्यांना गरम पाणी नको असतं, गार हवं असतं. दादानं विचारलं, पाणी गार करायचं यंत्र घेऊ का? मी म्हटलं, यंत्र तुझ्याकडं आहे. हिवाळ्यात जे झाकण वाचवतं, तेच उन्हाळ्यात उलटं वापरायचं. दिवसा झाका, म्हणजे ऊन पाण्यात शिरणार नाही. रात्री उघडा, म्हणजे वाफ जाऊ दे. कारवीचा कूड बाजूला काढा, वारा खेळू दे. हिवाळ्यात रात्री झाकायचं, उन्हाळ्यात रात्री उघडायचं. आणखी एक, गाळणीचा पंप दिवसभर चालला तर त्याचीही ऊब पाण्यात उतरते. उन्हाळ्यात तो पहाटेच चालवा.

मागच्या मेमध्ये संध्याकाळी पाणी 27 अंश होतं, पहाटे 22. वीज लागली ती पंपापुरती. झाकण रात्री काढायचं आणि ऊन चढायच्या आत घालायचं, हे काम आक्कांनी स्वतःकडं घेतलं आहे, आणि दादाच्या नातवाला तापमापक वाचायला शिकवा, असं त्या मला सांगतात. मी जूनमध्ये पुन्हा जाणार आहे, तेव्हा वही त्याच्याच हाती देईन.

नमस्कार.