तळणीचे तेल, कच्चे ग्लिसरीन आणि माडाचे आळे

कच्चे ग्लिसरीन म्हणजे गडद तपकिरी, काकवीसारखा दाट द्रव. गोव्याच्या किनाऱ्यावरील उपाहारगृहांत मासळी तळून उरलेल्या तेलावर मिथेनॉल (एक प्रकारचे अल्कोहोल) आणि अल्कली (कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश) यांची प्रक्रिया करून बायोडिझेल तयार केले जाते, तेव्हा तो भांड्याच्या तळाशी साचतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय घटकांना (तेल वारंवार तापवल्याने वाढणाऱ्या अपायकारक घटकांना) २५ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि वापरलेले तेल पुन्हा कढईत जाण्याऐवजी इंधनाकडे वळवण्याच्या प्रयत्नांना त्याच वर्षी चालना मिळाली. शंभर किलो तेलामागे सुमारे दहा किलो ग्लिसरीन निघते. त्यात मिथेनॉल, साबण आणि अल्कली मिसळलेली असल्याने प्रत्यक्षात तळाचा थर याहून अधिक भरतो.

हा थर परसातल्या खतात घालावा की नाही, याचा निर्णय बागेत होत नाही. तो बायोडिझेल करणाऱ्याने कोणती अल्कली निवडली, यावर ठरतो. कॉस्टिक सोडा वापरला असेल, तर त्यातील सोडियम पिकाला पोसत नाही, उलट चिकणमातीचे कण सुटे करून जमीन आवळून टाकते. माडाच्या बुंध्यात मीठ घालण्याची आपल्याकडची जुनी रीत येथे आधाराला घेता येणार नाही, कारण माड जे सोसतो ते मिरचीचे रोप सोसत नाही. कॉस्टिक पोटॅश वापरला असेल, तर मात्र ग्लिसरीनबरोबर पालाश येते. गोव्यातील जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी आहे आणि मुसळधार पावसात तिच्यातील पालाश वाहून जाते, त्यामुळे हे अल्कधर्मी द्रव्य तिला, बेताने दिल्यास, मानवते.

पालाशाचा लाभ किती, हे मात्र मोजून पाहावे. शंभर लिटर तेलाला साधारण एक किलो कॉस्टिक पोटॅश लागला असे धरले, तर त्यातून सुमारे पाऊण किलो पालाश मिळते. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला १२०० ग्रॅम पालाश देण्याची शिफारस आहे. म्हणजे एवढ्या तेलाच्या ग्लिसरीनने एका माडाचीही वर्षाची गरज भागत नाही. खताची पिशवी विकत घेणे यामुळे थांबेल, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. एरवी वाया जाणारे द्रव्य मातीत परत जाते, हा लाभ खरा आहे आणि तो पुरेसा आहे.

ग्लिसरीन खतात घालण्याआधी त्यातील मिथेनॉल काढून घेणे अनिवार्य आहे. ते ६४.७ अंश सेल्सियसला उकळते, विषारी आहे, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. म्हणून ते घरच्या चुलीवर उडवून लावण्याचा विचारही करू नये. बायोडिझेल जेथे तयार होते, तेथेच बंद उपकरणात ते ऊर्ध्वपातनाने (तापवून निघालेली वाफ थंड करून) परत मिळवले गेले असेल, तरच ग्लिसरीन घरी आणावे.

ग्लिसरीनमध्ये कर्ब भरपूर असतो, पण नत्र अजिबात नसते. नुसत्या वाळलेल्या चुडतांवर (माडाच्या झावळ्यांवर) ते ओतले तर ढीग कुजत नाही, तेलकट होऊन आंबतो. गिरिपुष्पाचा हिरवा पाला, शेण आणि मासळीची घाण यांच्या थरांवर ते पाण्यात चांगले पातळ करून थोडे थोडे शिंपडावे. ढीग आतून गरम राहत असेल, तरच पुढची मात्रा द्यावी. आंबट वास आला, तर शिंपडणे थांबवून ढीग वरखाली करावा. पावसाळ्यात त्यावर छप्पर नसेल, तर पालाश पाण्याबरोबर निघून जाते.

अर्धवट कुजलेले खत अळसांद्याच्या (चवळीच्या) किंवा मिरचीच्या वाफ्यात घालू नये, कारण उरलेला कर्ब पचवताना सूक्ष्मजीव मातीतील नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. असे खत माडाच्या आळ्यात, बुंध्यापासून दूर घालता येते. बायोडिझेल धुतलेले पाणी मात्र कोणत्याच आळ्यात सोडू नये. त्यात साबण आणि अल्कली असते, आणि आपल्याकडे परस आणि विहीर यांच्यात अंतर फारसे नसते.