तांदळात लिहिलेलं नाव

(दृश्य : नाशिकरोड, जेल रोड. सकाळ. प्रेसची लांबलचक भिंत, गेटकडे निघालेले कामगार.)

या भिंतीच्या आत आपला पासपोर्ट छापला जातो. तुमच्या कपाटातला, माझ्या कपाटातला, देशातल्या प्रत्येकाचा. भारत प्रतिभूती मुद्रणालय हे नाव फक्त पाटीवर. नाशिकरोडला "प्रेस" म्हटलं की पुरे. १९२० च्या दशकापासून इथं टपाल तिकिटं आणि मुद्रांक छापले जात आहेत.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, इथं चौतीस वर्षं होते. २०१९ ला निवृत्त झाले. अजूनही कुठला सरकारी कागद हातात आला की आधी तो उजेडाकडे तिरका धरतात, मग शिक्क्यावरून अंगठा फिरवतात, आणि मगच वाचतात.

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. त्यांची एकुलती एक मुलगी पोर्तुगालमध्ये, पोर्तो शहरात नोकरी करते. दोन वर्षं विचार करून दोघांनी ठरवलं, आता लेकीजवळ राहायचं. टुरिस्ट व्हिसावर दर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हे एकदा करून झालं होतं. म्हणून या वेळी निवृत्तांना लागू पडणारा पोर्तुगालचा डी-७ व्हिसा.

त्या व्हिसाच्या कागदांमागे मी सात महिने कॅमेरा घेऊन फिरलो. फाइल कशी उभी राहते ते नीट दाखवावं असं वाटलं, कारण आमच्या कॉलनीतच आणखी तीन घरं याच तयारीत आहेत आणि तिघंही चुकीच्या टोकाकडून सुरुवात करताहेत.

(दृश्य : जेवणाचं टेबल. वही, कॅल्क्युलेटर, पासबुकं.)

आधी पैशांचं, थोडक्यात. डी-७ ला तिथल्या किमान वेतनाएवढं नियमित उत्पन्न दाखवावं लागतं, तेही नोकरीचं नसलेलं : पेन्शन, भाडं, व्याज. २०२५ मध्ये ही रक्कम महिन्याला ८७० युरो होती. जोडीदारासाठी तिच्या निम्मी, म्हणजे ४३५. दोघांचे मिळून १,३०५ युरो. शंभर रुपयांना युरो धरला तर महिन्याला एक लाख तीस हजार. नुसत्या पेन्शनवर हे भागत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. इथं दोघांची पेन्शन, दोन गाळ्यांचं भाडं आणि ठेवींचं व्याज असं मिळून जमलं. गाळ्यांचे करार नोंदणीकृत होते म्हणून चाललं. तोंडी ठरलेलं भाडं कितीही वर्षांचं असलं, तरी फाइलमध्ये त्याला किंमत नाही.

प्रत्येक देशाचं माप वेगळं. स्पेन महिन्याला २,४०० युरो मागतो. थायलंडला वयाची पन्नाशी आणि बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न लागतं. देश आधी ठरवा, त्याची यादी छापून घ्या आणि त्या यादीपलीकडचा एकही कागद उकरू नका.

काकांनी तो उकरला होता. त्यांचा जन्म दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यात. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९५९. ही एक जूनची तारीख महाराष्ट्रात लाखो लोकांच्या दाखल्यावर सापडेल. पोराला शाळेत घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. काकांची आई मात्र आयुष्यभर सांगायची, हा पोळ्याच्या दिवशी झाला. काका तहसीलला गेले, जुनं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची वही, काढायला लावलं. नोंद सापडली. आई खरं बोलत होती : सप्टेंबर महिना. आणि नावाच्या जागी नाव नाही. बापाचं नाव आणि पुढे "मुलगा", एवढंच.

त्या पानाचा फोटो काकांनी मोबाइलच्या पडद्यावर लावलाय. फाइलमध्ये मात्र ते पान गेलं नाही. पासपोर्ट, आधार, सेवापुस्तक, पेन्शनचा आदेश, सगळीकडे एक जून आहे आणि कायद्याच्या नजरेत तीच त्यांची तारीख. डी-७ च्या यादीत जन्माचा दाखला नव्हताच. ज्या देशाला तो लागतो, तिथं रस्ता लांबचा आहे : नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, मग उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश. त्याला वेळ द्यावा लागतो आणि सुरुवात तिथूनच करावी लागते.

(दृश्य : माळ्यावरची लोखंडी ट्रंक. मावशी झाकण उघडते.)

आमचं खरं काम इथं, या ट्रंकेत होतं.

मावशी काकांची पत्नी म्हणून सोबत जाणार, तर लग्नाचा दाखला हवा. लग्न झालं मे १९८४ मध्ये, सिन्नर तालुक्यातल्या एका गावात, मारुतीच्या देवळापुढे मांडव घालून. गावजेवण झालं, वरात निघाली, नोंदणी कुणाच्या मनातही आली नाही. त्या काळी कोण करायचं?

आणि दुसरी गोष्ट नावाची. मावशीचं माहेरचं नाव एका नदीचं आहे. सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरले, काकांनी अंगठीनं त्यात एका देवीचं नाव लिहिलं, पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून ती देवी झाली. शाळेचा दाखला आणि डी.एड.चं प्रमाणपत्र नदीच्या नावानं. नोकरी, पेन्शन, पासपोर्ट देवीच्या नावानं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदललेली. कागदावर या दोन बायका आहेत, आणि दोघी एकच आहेत हे सांगणारा सरकारी कागद कुठेच नव्हता. तांदूळ तर त्याच रात्री शिजले असतील.

ट्रंकेत पत्रिका सापडली. पिवळी पडलेली, चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाचे डाग तसेच. "चि. सौ. कां." आणि पुढे माहेरचं नाव. मावशी ती हातात धरून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे नाव आता मला हाक मारायला कुणी उरलं नाही रे. तुझी आईसुद्धा ताई म्हणते."

(दृश्य : महापालिकेचं विभागीय कार्यालय. विवाह नोंदणीची खिडकी.)

जुन्या लग्नाची नोंद आजही होते. नाशिक महापालिकेच्या सहा विभागांपैकी तुम्ही जिथं राहता, त्या विभागीय कार्यालयात. १९९८ च्या कायद्यानुसार नोंदणीची मुदत ९० दिवसांची आहे, पण उशीर झाला म्हणून नोंद नाकारत नाहीत, जादा शुल्क भरावं लागतं. नमुना ड भरायचा, पत्रिका आणि लग्नातला फोटो जोडायचा, तीन साक्षीदार न्यायचे, आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. आमचे भटजी जाऊन वीस वर्षं झाली, म्हणून त्याऐवजी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या बाहेर नोटरी बसतात, तिथं. साक्षीदार म्हणून माझी आई, मामा आणि काकांचे प्रेसमधले एक मित्र. मामा आता पंच्याहत्तरीचे. सिन्नरहून काठी टेकत आले, मांडवात घातला होता तसाच फेटा बांधून.

फॉर्ममध्ये वधूच्या नावाला दोन जागा आहेत : लग्नापूर्वीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव. मावशीनं दुसरं आधी लिहिलं. मग पहिल्या रकान्यावर पेन थांबलं. पस्तीस वर्षं फळ्यावर मुलांना अक्षरं गिरवायला शिकवणारी बाई स्वतःचं नाव अक्षर लावून लिहीत होती. एकेक अक्षर, शाळेतल्यासारखं गोल.

नमुना ई, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, हातात आला तेव्हा नदी आणि देवी पहिल्यांदा एका कागदावर आल्या. नाव बदललेल्या प्रत्येक बाईला माझं कळकळीचं सांगणं आहे : व्हिसा असो-नसो, हा दाखला करून घ्या. साक्षीदार हयात आहेत तोवर करा.

दोन सूचना. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच, एकेक अक्षर जुळवून, खिडकी सोडण्याआधी तपासा. आणि दाखला घरी आणून लॅमिनेट करू नका. आपल्याकडे मायेनं करतात. पण प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही, नवी प्रत काढावी लागते.

(दृश्य : सकाळ. नाशिकरोड स्टेशन. पंचवटी एक्सप्रेस फलाटावर येते.)

आता प्रमाणीकरण. पोर्तुगालच्या अधिकाऱ्याला नाशिकच्या निबंधकाची सही ओळखू येणार कशी? म्हणून सहीची साखळी असते. निबंधकाची सही राज्य शासन ओळखतं, त्यासाठी मुंबईत मंत्रालय. राज्याच्या अधिकाऱ्याची सही भारताचं परराष्ट्र मंत्रालय ओळखतं. आणि त्या मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं प्रमाणपत्र, दुसरा देश मान्य करतो. हे हेगच्या ५ ऑक्टोबर १९६१ च्या करारानं ठरलं. भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू आहे. पोर्तुगाल, स्पेन, मॉरिशस या करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती नाही, म्हणून तिकडे निघालेल्यांना परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचाही शिक्का घ्यावा लागतो.

पूर्वी या कामाला दिल्लीच गाठावी लागे, आता मुंबईतही होतं. आपण थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या खिडकीवर जायचं नसतं, नेमून दिलेल्या सेवा केंद्रांमार्फत कागद जातो. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, वर केंद्राचा सेवा आकार. कुणी एका कागदाचे काही हजार सांगितले, तर कशाकशाचे ते लिहून मागा.

(दृश्य : काकांचा हात. दाखल्याच्या मागच्या बाजूला चिकटवलेलं अपोस्टिल. जवळून.)

हे ते अपोस्टिल. मथळा फ्रेंचमध्ये, तसा तो असावाच लागतो. खाली दहा क्रमांकित ओळी. पहिली देशाची. दुसऱ्या ओळीत सही कोणाची, तिसरीत कोणत्या पदावरून, चौथीत शिक्का कोणाचा. मग ठिकाण, तारीख, कोणी प्रमाणित केलं, क्रमांक, शिक्का, सही. काकांनी ते उजेडात तिरकं धरलं, अंगठा फिरवला, आणि वेगळंच बोलले. "यात कुठेही लिहिलेलं नाही की आमचं लग्न झालंय. एवढंच लिहिलंय की सही खरी आहे."

अगदी तसंच आहे. अपोस्टिल मजकुराची हमी देत नाही. प्रत्येक शिक्का फक्त आपल्याखालच्या शिक्क्याला ओळख देतो. तळातल्या दाखल्यात नावाचं एक अक्षर चुकलं असेल, तर ते चुकलेलं अक्षर तीन शिक्के घेऊन परदेशात पोचतं. म्हणून मी म्हणतो, सुरुवात ट्रंकेपासून करा, दूतावासापासून नाही.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हे आम्ही पैसे मोजून शिकलो. वेगळ्या देशाचं काम होतं, एका एजंटाकडे दिलं. त्यानं अपोस्टिल आणून दिलं, तेही खरं. फक्त ते मूळ दाखल्यावर नव्हतं, नोटरी केलेल्या झेरॉक्सच्या मागे होतं. व्हिसा केंद्रानं कागद परत केला. वडील घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तुमचं अपोस्टिल आलं की आधी पान उलटा आणि पुढचा कागद मूळच आहे ना ते पाहा.

(दृश्य : पासपोर्ट सेवा केंद्राबाहेर. दोघं टोकन घेऊन.)

पोलीस पडताळणी दाखला, ज्याला सगळे पीसीसी म्हणतात, तो अगदी शेवटी काढायचा. पासपोर्टच्या पोर्टलवर अर्ज, ५०० रुपये, पोलीस ठाण्याची चौकशी. हा दाखला पासपोर्ट कार्यालयच देतं, त्यामुळे राज्याच्या मंत्रालयाचा फेरा वाचतो, तो थेट अपोस्टिलला जातो. पण त्याचं आयुष्य कमी. बहुतेक देशांना तो तीन किंवा सहा महिन्यांच्या आतला लागतो. आमच्या कॉलनीतल्या एका जोडप्यानं उत्साहात तोच पहिला काढला, आणि लग्नाचा दाखला येईपर्यंत तो शिळा झाला. बँकेचं स्टेटमेंट आणि विमाही तसाच. टिकाऊ कागद आधी, नाशवंत कागद नंतर. लोणचं आणि पालेभाजी एकाच दिवशी आणतो का आपण?

पेन्शनची व्यवस्थाही निघण्याआधी लावायची. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण देता येतं. काकांनी गेल्या नोव्हेंबरात मुद्दाम कुणाची मदत न घेता ते करून पाहिलं. दुसऱ्या खेपेला जमलं.

(दृश्य : मुंबई. व्हिसा केंद्राच्या बाहेर, दुपार.)

आत कॅमेरा नेता येत नाही. दोघं पन्नास मिनिटांनी बाहेर आले. अर्ज घेतला गेला. आतल्या मुलीनं मावशीला एकच प्रश्न विचारला : विवाह दाखल्यावर लग्नापूर्वीचं जे नाव आहे, ते तुमचंच ना? मावशी हो म्हणाली आणि तिनं ते नाव मोठ्यानं उच्चारून दाखवलं. निकालाला साठ दिवस धरायचे आहेत.

(दृश्य : संध्याकाळची पंचवटी. कसारा घाट, खिडकीबाहेर अंधार.)

काकांना डुलकी लागली आहे. मांडीवरची फाइल मात्र दोन्ही हातांनी धरलेली. मावशी पर्समधून पत्रिका काढते. मूळ पत्रिका द्यायची नव्हती, तरी तिनं ती सोबत आणली होती. समोरच्या बाकावरच्या मुलीला ती पत्रिका दाखवते आणि बोट ठेवून सांगते, "ही मी."